लहर आणि निश्चय

इंग्रजीतील ‘कॅप्रिस’ हा शब्द मूळचा इटालियन. आरंभी त्याचा अर्थ अंगावर काटा आणणारी दचक असा होता; पुढे त्याचे नाते शेळीच्या अवखळ उड्यांशी जोडले गेले. आपल्या मराठीने ‘लहर’ हा पाण्यावरचा शब्द पत्करला, आणि त्यात एक सोयही साधली. निश्चय आपण करतो. लहर मात्र आपल्याला ‘येते’. कर्ता ती, आपण नामानिराळे! परंतु लहर धन्याची आणि भुर्दंड गड्याला, हा न्याय व्याकरणात खपला तरी नीतीत खपत नाही.

जे घरधन्याचे, तेच राजाचे. त्याची लहर व त्याचा निश्चय पहिल्या दिवशी सारखेच दिसतात. आमच्या कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानी नोकरीतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. तो निश्चयच होता, याची साक्ष १९१७ साली पटली. त्या वर्षी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याची आज्ञा निघाली. कारण जागा राखून भागत नाही, त्यांवर बसणारी माणसेही घडवावी लागतात. लहर पंधरा वर्षे टिकत नाही, आणि स्वतःचा खर्च स्वतः कधीच सोसत नाही.