असन्निधानी घडलेले आचार्यत्व



मनुष्य घडण्यासाठी मार्गदर्शक लागतो, ही गोष्ट सर्वमान्य आहे. हल्ली उद्योग, शिक्षण, प्रशासन अशा लौकिक क्षेत्रांतही नेतृत्व करणाऱ्या व्यक्तीजवळ एखादा अनुभवी मार्गदर्शक नेमण्याची पद्धत रूढ झाली आहे. तो तिचे काम स्वतः करीत नाही. तिला प्रश्न विचारतो, तिचे गुणदोष तिच्या दृष्टीस आणून देतो आणि निर्णय मात्र तिच्यावरच सोपवितो. सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभूंची तुलना अशा लौकिक मार्गदर्शकाशी करावयाची नाही. परंतु या संबंधाचे मर्म काय, हे त्यांनी घडविलेल्या आचार्यांच्या चरित्रावरून जितके स्पष्ट कळते, तितके अन्यत्र क्वचितच कळेल.

प्रश्न असा की, मार्गदर्शनाची खरी कसोटी कोणती? गुरू समोर असताना शिष्य कसा वागतो ही, की गुरू समोर नसताना कसा वागतो ही? आपल्या शास्त्रात सन्निधान आणि असन्निधान असा जो भेद केला आहे, त्यात या प्रश्नाचे उत्तर आहे.

प्रथम सन्निधानाचा विचार करू. सर्वज्ञांच्या निरूपणाची रीत केशिराजबासांनी सिद्ध केलेल्या दृष्टांतपाठात दिसते. तेथे सूत्र आहे, त्यावर दृष्टांत आहे आणि शेवटी दार्ष्टांतिक आहे. जन्मांध माणसे हत्ती चाचपतात. ज्याच्या हाती जो अवयव येतो, तो त्यालाच हत्ती समजतो. ही कथा ऐकून श्रोता केवळ हसून मोकळा होत नाही. माझ्या हाती कोणता अवयव आला आहे, असा विचार त्याला करावा लागतो. महदाइसांसारखी जिज्ञासू शिष्या पुनःपुन्हा प्रश्न विचारी, आणि सर्वज्ञांनी तिच्या जिज्ञासेचे कौतुकच केले. विचारणाऱ्याला गप्प बसविणे ही त्यांची रीत नव्हती.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केले. भटोबासांवर विरहाचे केवढे दुःख कोसळले, हे आपण जाणतोच. परंतु त्या दुःखात त्यांनी स्वतःचे स्वतंत्र पीठ मांडले नाही. प्रभूंच्या आज्ञेप्रमाणे ते रिद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. श्रीगोविंदप्रभूंच्या प्रयाणानंतर मार्गाचा सर्व भार त्यांच्यावर आला. म्हणजे नेतृत्वापूर्वी सेवा, आणि सेवेत अखंड स्मरण, असा हा क्रम आहे.

या स्मरणातूनच लीळाचरित्राचा उगम झाला. भटोबास लीळांचे मनन करीत असत. ते पाहून, या लीळा लिहून ठेवाव्यात असे म्हाइंभटांनी सुचविले. म्हाइंभट मूळचे विद्वान आणि विद्वत्तेचा अभिमान बाळगणारे. आचार्यांनी त्यांची सूचना मान्य केली, आणि त्यांची विद्वत्ता लीळा लिहिण्याच्या कार्यास लावली. इ. स. १२७८ च्या सुमारास हा ग्रंथ सिद्ध झाला, असे सामान्यतः मानले जाते. त्यासाठी म्हाइंभट गावोगाव फिरले, ज्याने जे पाहिले ते त्याच्याच मुखातून ऐकले आणि मग आचार्यांच्या साक्षीने पारखून घेतले. सहकाऱ्याच्या सूचनेला मान देणे आणि ज्याचा जो गुण त्याला तसे काम देणे, हे आचार्यत्वाचे पहिले लक्षण येथे दिसते.

दुसरे लक्षण अधिक कठीण आहे. केशिराजबास संस्कृतात प्रवीण होते. प्रभूंचे निरूपण संस्कृतात आणावे, असा त्यांचा विचार झाला. भटोबासांनी त्यास नकार दिला; कारण तसे झाले असते, तर मार्गातील साध्यासुध्या वृद्ध स्त्रिया त्या ज्ञानाला मुकल्या असत्या. स्मृतिस्थळात हा प्रसंग आलेला आहे. प्रभू तेथे प्रत्यक्ष नव्हते, आज्ञा विचारण्याची सोय नव्हती. तरीही गुजरातेत अवतरलेल्या प्रभूंनी या देशीच्या जनांशी मराठीतच संवाद केला, हे भटोबासांनी जवळून पाहिले होते. त्या पाहण्यातून त्यांना निर्णय सापडला. हीच मार्गदर्शनाची फलश्रुती होय.

तिसरे लक्षण त्यांच्या पश्चात प्रकट झाले. चौदाव्या शतकाच्या आरंभी परचक्राच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली. तेव्हा ज्यांच्या ज्यांच्या कंठी लीळा होत्या, त्यांनी त्या पुन्हा सांगितल्या, आणि त्यातून निरनिराळे पाठ सिद्ध झाले. हिराइसा पाठाच्या नावात तर एका स्त्रीच्या स्मरणशक्तीची साक्ष आजही आहे. ज्ञान एकाच्याच मुठीत बंद राहिले असते, तर त्या दिवशी सर्वच संपले असते.

आता आपल्याकडे वळू. आजच्या मठ-आश्रमांत शिष्य पुष्कळ आहेत; पण गुरूंच्या पश्चात कोण, हा प्रश्न उभा राहिला की अनेकदा मने दुभंगतात. त्याचे एक कारण असे की, उत्तराधिकारी नेमला जातो, पण घडविला जात नाही. शिष्याने केवळ हो म्हणावे अशी अपेक्षा ठेवली, त्याला शंका विचारू दिली नाही, लहानसाही निर्णय घेऊ दिला नाही, तर गुरू गेल्यावर त्याच्या हाती गादी राहते, विवेक राहत नाही. हाच न्याय वासनिकांच्या घरालाही लागू आहे. जो पिता मुलाला कधीच व्यवहार सोपवीत नाही, तो त्याला प्रेमानेच पांगळा करतो.

शिष्याकडूनही काही अपेक्षा आहे. गुरूचे चालणे-बोलणे उचलणे म्हणजे अनुसरण नव्हे. भटोबासांनी प्रभूंची जागा घेतली नाही. प्रभूंचे स्मरण राखले आणि त्या स्मरणाच्या उजेडात स्वतः निर्णय केले. म्हणून महंतांनी आपल्या हयातीतच एकेका शिष्याला एकेका कार्याचा भार द्यावा, त्याचे चुकलेले प्रेमाने दाखवावे आणि मग थोडे बाजूला व्हावे. सन्निधानात जे पेरले, ते असन्निधानात उगवले तरच मार्ग पुढे चालतो.