दात आधी, जबडा नंतर

हिंगोली जिल्ह्यात कुठेही विहीर खणा. काळी माती संपली की मुरूम लागतो आणि मुरमाखाली काळा पाषाण. हा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. मी ज्या प्राण्यांबद्दल लिहितो आहे, ते त्याच्याही तेरा-साडेतेरा कोटी वर्षे आधी समुद्रातून कायमचे नाहीसे झाले होते. त्यांचे अवशेष शोधायला श्रीनगरजवळच्या गुर्युल घळीत नाहीतर स्पितीतल्या मूद गावाजवळ, जुन्या समुद्रतळाच्या थरांत जावे लागते. कोनोडॉन्ट हे त्यांचे नाव. आपल्या पृष्ठवंशीय कुळात खनिजाचे टणक दात पहिल्यांदा दिसतात ते यांच्या तोंडात. पण ते दातच आहेत, हे पटायला विज्ञानाला जवळपास एकशेचाळीस वर्षे लागली.

हे दात खडकातून सोडवायला चुनखडीचा तुकडा ॲसेटिक आम्लाच्या सौम्य द्रावणात ठेवतात. व्हिनेगारचा आंबटपणा याच आम्लाचा. चुना विरघळतो, कॅल्शियम फॉस्फेटचे कण तळाशी उरतात. गाळ बारीक चाळणीवर धुऊन वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कण वेचायचा. बहुतेक कण मिलिमीटरभरही नसतात. कुणी नुसता वाकडा सुळा, कुणी फणीसारखा, कुणी खडबडीत पाट्यासारखा.

१८५६ साली क्रिस्तियान पांडर यांनी हे कण माशांचे दात म्हणून जगापुढे मांडले. पण मासा कुठे होता? अंगाचा मागमूस नसल्यामुळे पुढे कुणी त्यांना किड्यांचे जबडे म्हटले, कुणी आणखी काही. १९३४ मध्ये जर्मनीत हेरमान श्मिट आणि अमेरिकेत हॅरल्ड स्कॉट यांना वेगवेगळ्या आकारांचे कण एकाच जागी, जोडीजोडीने मांडलेले सापडले. ज्यांना वेगवेगळ्या प्राण्यांची नावे दिली होती, ते एकाच तोंडातले निघाले. १९७३ मध्ये मोंटानातल्या एका जीवाश्माच्या पोटात कोनोडॉन्ट दिसले आणि प्राणी सापडला असे जाहीर झाले. नंतर कळले की त्याने ते खाल्ले होते.

या काळातला सगळ्यात वजनदार आक्षेप मला आजही मोलाचा वाटतो. हे कण बाहेरून थरावर थर चढत वाढलेले होते. थर चढवायचा तर कणावर मऊ ऊतीचे आवरण हवे, आणि ज्याने चावायचे तो दात उघडाच हवा. म्हणून अनेकांनी मानले, की हे दात नसून पाण्यातले अन्नकण गाळणाऱ्या मऊ अवयवाचा आधार असावेत. समोर जिवंत उदाहरणही होते. शाळेच्या पुस्तकात भेटणारा अँफिऑक्सस वाळूत अर्धा रुतून पाणी आत ओढतो आणि घशातल्या चिकट जाळ्यात अन्न अडकवतो. आपल्या कुळाचे आदिपूर्वज असेच गाळून खात असणार, हा तर्क पोकळ नव्हता.

एडिनबराजवळच्या ग्रँटनचा एक दगड अनेक दशके संग्रहात पडून होता. यूअन क्लार्कसन यांनी तो पुन्हा पाहिला आणि १९८३ मध्ये ब्रिग्ज, क्लार्कसन व ऑल्ड्रिज यांनी त्यावरचा प्राणी प्रसिद्ध केला. अंग सुमारे चार सेंटिमीटर, ईलसारखे लांबट. कडेने स्नायूंच्या व्ही-आकाराच्या पट्ट्या, शेपटीला पर, आणि डोक्याशी तेच कण. अंग मिळाले, पण खाण्याचा प्रश्न सुटला नव्हता.

तो सोडवला ओरखड्यांनी. १९९५ मध्ये मार्क पर्नेल यांनी कणांच्या पृष्ठभागावर झीज, खड्डे आणि बारीक चरे दाखवले, तेही समोरासमोरचे कण जिथे एकमेकांना भिडतात नेमके तिथेच. ऊतीखाली झाकलेल्या आधाराला चरे कशाने पडतील? थरांचे कोडेही पुढे उलगडले: काही काळ चावायचे, मग ऊतीखाली जाऊन नवा थर घ्यायचा. दिसण्यावरून चाललेला वाद वापराच्या खुणेने मिटला. आकारावरून नाते आणि काम दोन्ही ओळखू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा टप्पा सावकाश वाचावा असे मला वाटते.

या प्राण्यांना जबडा नव्हता. २०११ मध्ये निकोला गुदमाँ यांच्या गटाने सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनी चीनमधल्या नोव्हिस्पॅथोडस या कोनोडॉन्टचे चिकटून राहिलेले कण तपासले. पुढचे कण जिभेसारख्या कूर्चेवरून, दोरी कप्पीवरून ओढावी तसे पुढेमागे सरकत असावेत, असे चित्र त्यांनी उभे केले. जबडा नसलेल्या पेट्रोमायझॉन या ईलसारख्या प्राण्याची जीभ आजही साधारण असेच काम करते.

मग कोनोडॉन्टचे दात आपल्या दातांचे पूर्वज का? बरीच वर्षे तसे मानले गेले. २०१३ मध्ये डंकन मर्डॉक आणि सहकाऱ्यांनी कोनोडॉन्टहून जुन्या, त्यांच्याच नात्यातल्या पॅराकोनोडॉन्टच्या आतल्या रचनेशी ताडून दाखवले, की कोनोडॉन्टचे इनॅमलसारखे कवच त्यांच्याच वंशात स्वतंत्रपणे घडले. आपले दात त्यातून आलेले नाहीत.

गाळून खाण्याचा वारसा मात्र आपल्यात उरला आहे. अँफिऑक्ससच्या घशाच्या तळाशी चिकट स्राव करणारी एक खाच असते, एंडोस्टाइल. ती आयोडीनही शोषून घेते. पेट्रोमायझॉनच्या अळीत हीच खाच असते, आणि अळीचा प्रौढ होताना तिचेच थायरॉइड ग्रंथीत रूपांतर होते. ज्या ग्रंथीसाठी आपण आयोडीनचे मीठ खातो, ती मुळात अन्न गाळणाऱ्या घशाचा भाग होती.