पडद्यावरील अतिथी

दूर देशीच्या माणसाची ओळख करून घ्यावयाची तर पूर्वी प्रवासावाचून गत्यंतर नसे. प्रवासाला द्रव्य लागे, सवड लागे आणि घरच्यांची संमतीही लागे. त्यामुळे परदेशचे विद्यापीठ पाहण्याचे भाग्य थोड्याच विद्यार्थ्यांच्या वाट्यास येई. आणि आजही ते बहुतेकांच्या वाट्यास येत नाही. ज्याला जाता येत नाही त्याने घरी राहूनच परदेशच्या सहाध्यायांबरोबर शिकावे, या हेतूने गेल्या पाव शतकात विद्यापीठांतून एक नवी पद्धती रूढ होत आली आहे. दोन देशांतील दोन प्राध्यापक एक पाठ मिळून आखतात. त्यांचे विद्यार्थी व्हिडिओ कॉन्फरन्सच्या द्वारे पडद्यावर समोरासमोर येतात आणि काही आठवडे एकच काम मिळून करतात. अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्य विद्यापीठाने यासाठी २००६ साली एक स्वतंत्र केंद्र स्थापन केले. युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये युरोप आणि भूमध्य समुद्राच्या दक्षिणेकडील देश यांतील तरुणांकरिता अशीच एक योजना सुरू केली. पुढे २०२० च्या महामारीत वर्गच बंद पडले, तेव्हा तर या पद्धतीकडे अनेक विद्यापीठांचे लक्ष वळले.

ही सोय इष्ट आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु सोय झाली म्हणजे भेट झाली, असे म्हणता येईल काय? डोळ्यांना दिसणे आणि मनाला कळणे यांतील अंतर यंत्राने तुटते काय? आणि तुटत नसेल, तर ते तोडण्याचे कर्तव्य कोणाचे? हा प्रश्न केवळ प्राध्यापकांचा नव्हे. ज्या घरांतील मुले आज महाविद्यालयांत शिकत आहेत, त्या प्रत्येक घराचा तो आहे. म्हणून त्याचा येथे थोडा विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम यंत्राचीच मर्यादा पाहू. कॅमेरा सामान्यतः पडद्याच्या वरच्या कडेला असतो. आपण समोरच्याच्या प्रतिमेच्या डोळ्यांत पाहू लागलो, की त्याला आपली नजर खाली वळलेली दिसते. उलट त्याच्याकडे पाहत आहोत असे त्याला दिसावे म्हणून कॅमेऱ्यात पाहिले, तर आपल्याला तो नीट दिसत नाही. पाहणे आणि पाहत असल्याचे दिसणे या दोन गोष्टी प्रत्यक्ष भेटीत एकच असतात. येथे त्यांची फारकत होते. तीच कथा आवाजाची. शब्द पोहोचावयास क्षणभर उशीर होतो आणि उत्तर येण्यापूर्वी एक पोकळी निर्माण होते. २०१४ साली जर्मन संशोधकांनी दूरसंभाषणातील अशा विलंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले, की हा विलंब यंत्राचा असूनही ऐकणारा त्याचा दोष पलीकडच्या माणसास देतो. तो कमी लक्ष देणारा, कमी स्नेहशील आहे, असे त्यास वाटू लागते.

यंत्राचा दोष माणसाच्या स्वभावावर लादावा, ही चूक लहान दिसते. परंतु एक समाज दुसऱ्या समाजाविषयी गैरसमज करून घेतो तो याच वाटेने. उत्तर देण्यापूर्वी थोडे थांबणे हा आमच्याकडे वडीलधाऱ्यांविषयीचा आदर असतो; अन्यत्र तेच अज्ञान समजले जाते. एखाद्या देशी प्राध्यापकास नावाने हाक मारणे ही सामान्य रीत असते. आमच्या विद्यार्थ्यास तो उद्धटपणा वाटतो. जे कारण रीतीत आहे ते आपण स्वभावात शोधतो. तेव्हा समोर येण्याने गैरसमज आपोआप मिटतात, असे समजणे भोळेपणाचे आहे.

गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली पूर्वग्रहांविषयीच्या आपल्या ग्रंथात याच प्रश्नाचा विचार केला. भिन्न समाजांच्या माणसांचा संपर्क हितकारक व्हावयाचा, तर त्यांस चार गोष्टींची जोड हवी, असे त्याचे प्रतिपादन होते: दोघांचा दर्जा समान असावा, दोघांचे ध्येय एक असावे, ते गाठण्यासाठी दोघांना एकमेकांचे साहाय्य घ्यावे लागावे आणि या साऱ्यास संस्थेचा वा अधिकाऱ्यांचा पाठिंबा असावा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका समालोचनात पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासण्यात आले. या गोष्टी नसतानाही संपर्काने पूर्वग्रह काहीसे घटतात. त्या असल्यास अधिक घटतात, असा त्याचा निष्कर्ष होता. येथे आमचे लक्ष वेधते ती पहिली गोष्ट, समानता. पडद्यावर सर्वांच्या चौकटी सारख्याच आकाराच्या दिसतात. परंतु सारख्या चौकटीत बसलेली माणसे सारख्याच भूमीवर उभी असतात काय?

भाषेचेच उदाहरण घ्या. अमेरिकन आणि भारतीय विद्यार्थी इंग्रजीत बोलतात, तेव्हा एकजण स्वतःच्या अंगणात उभा असतो आणि दुसरा परक्याच्या. एकाला विनोद सुचतो, त्याच वेळी दुसरा व्याकरण जुळवीत असतो. याउलट भारतीय आणि ब्राझिलियन विद्यार्थी इंग्रजीत बोलले, तर दोघांची अडचण बरीचशी सारखी असते. ब्राझीलमधील साओ पावलो राज्य विद्यापीठात २००६ साली ‘तेलेतांदेम’ नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात दोन देशांचे दोन विद्यार्थी पडद्यावर भेटतात. बैठकीचा अर्धा वेळ एकाच्या भाषेसाठी आणि अर्धा दुसऱ्याच्या भाषेसाठी राखलेला असतो. अर्धा वेळ जो शिक्षक, तोच उरलेला अर्धा वेळ शिष्य. अडखळण्याची पाळी दोघांवरही येते, यातच या व्यवस्थेचे शहाणपण आहे. ज्या नियतकालिकात मराठी आणि कोंकणी शेजारी शेजारी छापल्या जातात, त्याच्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको. शेजाऱ्याने आपल्या भाषेत बोलावे आणि आपण कान देऊन ऐकावे, हाही सौजन्याचाच एक प्रकार आहे.

स्वतःच्या भाषेत बोलण्याचा आणखी एक लाभ असतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत १९९७ साली ‘कल्चुरा’ हा उपक्रम आरंभिला गेला. त्याचा पाया संगणकावरील लेखी देवघेव हा होता. अमेरिकन आणि फ्रेंच विद्यार्थ्यांनी एकाच शब्दावरून मनात काय येते, ते आपापल्या भाषेत लिहावयाचे आणि मग दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहावयाच्या. ‘व्यक्तिवाद’ या शब्दापुढे अमेरिकन मुलांनी स्वातंत्र्यासारखे शब्द लिहिले. फ्रेंच मुलांनी त्याच्याच पुढे स्वार्थ, एकाकीपणा असे शब्द लिहिले. एका भाषेत बोलले असते, तर दोघांनाही आपण एकाच गोष्टीविषयी बोलत आहोत असे वाटले असते. मतभेद झाकून मिळालेल्या ऐक्यापेक्षा मतभेद स्पष्ट दिसणे हे ज्ञान अधिक मोलाचे होय.

भाषेप्रमाणेच वेळेचे. न्यू यॉर्कमध्ये हिवाळ्यात सकाळचे दहा वाजलेले असतात, तेव्हा गोव्यात रात्रीचे साडेआठ होतात. बैठक तेथे दुपारी दोन वाजता ठेवली, तर येथील विद्यार्थ्याने मध्यरात्र उलटल्यावर बसावयाचे. एखादे वेळी हे चालेल. परंतु दर वेळी जागरण एकाच्याच वाट्यास येत असेल, तर वेळापत्रकानेच कोण यजमान आणि कोण आश्रित हे ठरवून टाकलेले असते.

तिसरी असमानता सूक्ष्म आहे. ती प्रश्न विचारण्याच्या अधिकाराची. ‘तुमच्या देशात मूर्तिपूजा का करतात?’ असे आमच्या विद्यार्थ्यास कोणी विचारले, तर तो एका क्षणात सहाध्यायी न राहता नमुना होतो. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसेलही. परंतु एका तरुणाने साऱ्या देशाचे प्रतिनिधित्व करावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. त्याने फार तर इतके सांगावे: आमच्या घरी असे करतात, शेजारच्या देवस्थानात रीत निराळी आहे, आणि अमुक गोष्टीचे कारण मलाही ठाऊक नाही. मग त्यानेही विचारावे: तुमच्या घरी काय पाळतात आणि काय सोडून दिले आहे? दोघांनाही या भेटीतून गुण आणि प्रमाणपत्र मिळवावयाचे असते, हे खरे. एकमेकांचा उपयोग होण्यात गैर नाही. एकाने दुसऱ्यास केवळ उपयोगाची वस्तू मानावे, हे गैर आहे.

यावर कोणी म्हणेल, इतके तोलत बसल्यास कामच होणार नाही. इंग्रजी सर्वांना सोयीची आहे, आणि कोणीतरी जागरण केलेच पाहिजे. या आक्षेपात तथ्य आहे. पूर्ण समानता व्यवहारात साधत नाही. म्हणूनच आम्ही समानतेचे माप न मागता पाळीचा न्याय मागतो. आज मी जागलो, पुढच्या वेळी तू जाग. आज तुझ्या भाषेत अडखळलो, उद्या तू माझ्या भाषेतील चार शब्द तरी शीक. कमीत कमी, कोणाचा भार अधिक आहे हे दोघांनी उघडपणे बोलून घ्यावे.

आमच्याकडे अतिथीची सेवा हा धर्म मानला गेला. परंतु अतिथीचाही काही धर्म असतो. त्याने घरात सर्वत्र डोकावू नये, वाढलेले गोड मानून घ्यावे आणि परतून यजमानास आपल्या घरी बोलवावे. पडद्यावरील भेटीत ही दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी एकाच माणसावर येऊन पडतात. येथे प्रत्येकजण आपल्याच घरी बसलेला असतो, म्हणून तो यजमान; आणि त्याच क्षणी दुसऱ्याच्या घरात आलेला असतो, म्हणून तो अतिथी. उंबरठा दिसत नसला, तरी तो दोघांनीही ओलांडलेला असतो. जो केवळ यजमान राहतो तो उपदेश करीत सुटतो. जो केवळ अतिथी राहतो तो संकोचाने गप्प बसतो. दोन्ही भूमिका ज्यास पाळीपाळीने निभावता येतात, त्यालाच परिचय घडतो.

तेव्हा आपल्या मुलांना अशी संधी आली, तर ती जरूर घेऊ द्यावी. मात्र बैठकीहून उठल्यावर ‘कसे झाले?’ एवढेच विचारून थांबू नये. भाषा कोणाची होती, वेळ कोणाच्या सोयीची होती आणि प्रश्न कोणी कोणास विचारले, हेही त्यांस विचारावे. या तीन उत्तरांवरून भेट झाली की नुसते दिसणे झाले, हे त्यांचे त्यांनाच उमगेल.