हसण्याआड गेलेला माणूस

युद्ध संपून पाच वर्षे झाली होती, जर्मनीतली शहरे अजून ढिगाऱ्यांतून वर येत होती, आणि 1950 मध्ये हान्स डेप्पे यांचा ‘श्वार्त्सवाल्डमेडेल’ हा रंगीत संगीतपट झळकला. ब्लॅक फॉरेस्टचे डोंगर, पारंपरिक पोशाख, गैरसमजांतून जुळणारी प्रेमे. बॉम्बचा कुठे मागमूस नाही. प्रेक्षक लोटले आणि अशा डोंगरी, गावरान चित्रपटांची लाटच आली. त्यांच्यावर नेहमी ठपका येतो तो पलायनवादाचा. मला तो उथळ वाटतो. दुःखाने, श्रमाने, शोकाने पिचलेल्यांना विसावा देणे हे नाट्यशास्त्राने नाट्याचे एक प्रयोजनच मानले आहे. शोकात हसणारा माणूस तेवढ्याने अपराधी ठरत नाही. तपासायचे ते हे, की त्या हसण्यासाठी कुणाला नजरेआड करावे लागले.

चित्रपटातले सूर लेओन येसेल यांच्या 1917 च्या ऑपेरेटामधले. येसेल जन्माने ज्यू. तरुणपणीच ख्रिस्ती झाले होते, पण नाझींच्या वंशगणितात त्याला किंमत नव्हती. त्यांच्या संगीतावर बंदी आली. डिसेंबर 1941 मध्ये गेस्टापोने त्यांना पकडले, छळले, आणि जानेवारी 1942 मध्ये बर्लिनच्या ज्यू रुग्णालयात त्यांचा अंत झाला. आठ वर्षांनी त्याच सुरांवर तोच देश डोलला. कुणी म्हणेल, बंदीतले सूर पुन्हा लोकांच्या ओठी आले, हाच न्याय नव्हे का? थोडा आहे. कलाकृतीने कर्त्याच्या मरणाचे सुतक सदैव पाळावे असेही नाही. पण सूर परतले म्हणून माणूस परतत नाही, आणि पडद्यावरचे गाव इतके निर्मळ रंगवलेले, की तिथून कधी कुणाला हाकलले असेल ही शंकासुद्धा येऊ नये.

विनोदी चित्रपटात असले मरण आणले तर रसभंग होईल, हा आक्षेप अधिक वजनदार. त्याचे उत्तर अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात सापडेल. ‘छोडो भारत’नंतर मौलाना आझाद तिथे कैदेत होते. पत्रे धाडण्याची सोय नव्हती, तरी मित्राला उद्देशून ते लिहीत राहिले. त्यांतून ‘गुबार-ए-खातिर’ हे पुस्तक झाले. त्यात चहाचे लाड आहेत, खोलीत घरटी बांधणाऱ्या चिमण्यांशी चाललेली खुसखुशीत लढाई आहे, तरुणपणीच्या सतारीचा नाद आहे. एप्रिल 1943 मध्ये कलकत्त्याला त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम वारल्या, आणि आझाद किल्ल्यातच अडकलेले. तो मृत्यूही त्याच पुस्तकात आहे. त्याने चिमण्यांची गंमत उणावत नाही. अर्थात ही तुलना सरळ नाही: आझादांना स्वतःचे दुःख लिहायचे होते, जर्मन प्रेक्षकाला स्वतःचा दोष पाहायचा होता, आणि दोष पाहणे फार जड. म्हणून त्या प्रेक्षकाला विसावा नाकारावा असे ठरत नाही. मात्र त्या विसाव्याची किंमत येसेल यांनी का चुकवावी, याचे उत्तर ‘लोक दमले होते’ एवढ्यात मिळत नाही.