नागसेनाचा रथ आणि पिकअपचा सायलेन्सर

चंद्रपूरहून मूल, सावली करत गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर जुन्या पिकअपला मरण नाही. धानाची पोती, शेळ्या, बाजारची भाजी, मांडवाचे बांबू आणि (नियमात बसत नसलं तरी) चैत्रात महाकालीच्या यात्रेला निघालेलं अख्खं घर, सगळं तिच्यावरच जातं. बारा-चौदा वर्षांत तिचे पाटे बदललेले असतात, क्लच प्लेट दोनदा पडलेली असते, रेडिएटर दुसऱ्याच गाडीचा असतो, मागचा डाला गावच्या वेल्डरने नव्याने बांधलेला असतो. आणि मग एका सकाळी गाडी सुरू करताच अख्खी आळी जागी होते. सायलेन्सर फुटलेला असतो.

तो बहुतेकदा आतून सडतो. डिझेल जळताना पाण्याची वाफ तयार होते. गाडी लांब पल्ल्यावर तापली तर ती उडून जाते. पण घर ते बाजार, बाजार ते घर एवढंच चालणाऱ्या गाडीत ती सायलेन्सरच्या पोटातच निवून पाणी बनते, धुरातल्या गंधकाशी मिसळून आम्ल होते आणि पत्रा खाते. वरून रंग शाबूत दिसतो आणि मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर टोचला की तो आरपार जातो.

आता मालकापुढे तीन वाटा. कंपनीचा नवा घ्यायचा, बाजारातला लोकल बसवायचा, किंवा मधलं सगळं काढून डायरेक्ट पाइप मारायचा. तिसरी वाट सर्वांत स्वस्त आणि तिच्यासोबत एक आश्वासनही फुकट मिळतं, ‘पिकअप वाढेल, डिझेल वाचेल’. त्यात तथ्य आहे, पण चिमूटभर. टर्बो असलेल्या इंजिनाला मागचा अडसर कमी झाला तर थोडं मोकळं वाटतं. जुन्या मालवाहू गाडीत मात्र वाढतो तो मुख्यत्वे आवाज, आणि आवाजाला ताकद समजण्याची चूक माणूस फार पूर्वीपासून करत आला आहे.

पण वाट निवडण्याआधी एक जुनाच प्रश्न आडवा येतो. इतकं बदलल्यावर गाडी तीच राहिली का?

ग्रीकांनी हा प्रश्न एकेक फळी बदललेल्या थीसियसच्या जहाजावरून विचारला. चंद्रपूरच्या माणसाला इतकं लांब जायची गरज नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा दिल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, त्या वेळच्या चांद्याला आले आणि इथेही दीक्षा झाली. ती दीक्षाभूमी आज शहरात आहे. त्याच बौद्ध परंपरेत हा प्रश्न ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे, आणि तोही वाहनावरूनच. राजा मिलिंद, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला यवन राजा मिनँडर, भिक्षू नागसेनाला नाव विचारतो. नागसेन म्हणतो, ‘नागसेन’ हे नुसतं नाव. त्यामागे कायम टिकणारा असा कुणी सापडत नाही. राजा चिडतो. तेव्हा नागसेन विचारतो, महाराज, पायी आलात की वाहनाने? रथाने. मग रथ दाखवा. दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? सांगाडा? जू, लगाम, पराणी? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि अखेर त्याला कबूल करावं लागतं की हे सगळं एकत्र जुळतं तेव्हा ‘रथ’ हे नाव चालतं, इतकंच.

गंमत म्हणजे या बाबतीत आरटीओ नागसेनाचा पक्का शिष्य आहे. गाडीचा आत्मा शोधत तो बसत नाही; चेसिसवर ठोकलेला आकडा पाहतो. पाटे बदला, डाला बदला, रीतसर परवानगी घेऊन इंजिनही बदला, आकडा जुळला तर गाडी तीच. व्यवहारापुरतं एक नाव, व्यवहारापुरता एक नंबर.

इथवर सगळं सुरळीत. अडचण सायलेन्सरपाशीच येते.

नागसेनाने मोजलेले भाग पुन्हा पाहावेत. चाक, आस, जू, लगाम हे सगळे रथ चालावा, बसणारा पोहोचावा यासाठी. पिकअपचंही तेच. ब्रेक मालकाला वाचवतो, स्प्रिंग मालाला, काच डोळ्यांना. सायलेन्सर तेवढा कॅबिनमधल्या माणसासाठी फारसा नाहीच. तो आहे गाडी निघून गेल्यावर रस्त्यावर उरतात त्यांच्यासाठी: सायकलवरून शाळेत निघालेली पोरगी, मोळी घेऊन कडेने चालणारी बाई, टपरीवर बसलेला म्हातारा. त्याच्या आतले कप्पे आणि भोकांच्या नळ्या ध्वनीच्या लाटा एकमेकींवर आपटवून त्यांचा जोर मोडतात. पैसा एकाचा, शांतता दुसऱ्याची. म्हणूनच बहुधा सगळ्यात आधी त्याच्यावर काटकसर सुचते.

कायद्याने हे रूक्ष भाषेत ओळखलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतला १२० वा नियम प्रत्येक वाहनाला सायलेन्सर सक्तीचा करतो. धुराची नळी खाली किंवा डावीकडे तोंड करून नसावी, असंही नियम सांगतात. खाली नको, कारण फुफाटा उडतो. डावीकडे नको, कारण आपल्याकडे डाव्या कडेला माणसं चालतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड दहा हजारांपर्यंत गेला आहे. पण दंडाची भीती गाव सुटेपर्यंतच. पुढे जंगलात मोजणारं कोण?

त्याहून वाईट गोष्ट झाकलेली असते. नव्या पद्धतीच्या गाड्यांत धूर निवळणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतं. ते चोंदलं की काही ठिकाणी डबा कापतात, आतली जाळी काढून मौल्यवान धातूंसाठी भंगारात विकतात आणि रिकामा डबा पुन्हा वेल्डिंग मारून जागेवर बसवतात. बाहेरून काही बदललेलं नाही. डिझेल गाडीची पीयूसी चाचणी धुराचा काळेपणा मोजते, आवाज किंवा कार्बन मोनॉक्साइड नाही. त्यामुळे कागदही मिळू शकतो. नागसेनाने भागांच्या जुळणीतून नाव उभं केलं होतं. इथे नाव जागेवर आहे आणि पोट रिकामं. राजाला रथ दाखवायला सांगितल्यावर त्याने रंगवलेलं खोकं पुढे करावं, तसं.

यावर एखादा हुशार मालक नागसेनालाच साक्षीला बोलावेल. कुणी कायमचा नाहीच, तर दोष कुणाचा? नळीतून निघालेला धूर माझा, पण तासाभराने गावात पसरलेला तो माझाच कशावरून? मिलिंदानेही अशीच शंका काढली होती. नागसेनाने उत्तरात शेकोटीचा दाखला दिला. हिवाळ्यात एकाने जाळ केला, अंग शेकलं आणि न विझवताच निघून गेला. त्या आगीने दुसऱ्याचं शेत जळालं. धरून आणल्यावर तो म्हणतो, मी पेटवलेली आग वेगळी, शेत जाळणारी वेगळी. राजाने क्षणाचाही विचार न करता त्याला दोषी ठरवलं, कारण दुसरी आग पहिलीतूनच आली होती.

चंद्रपूर-गडचिरोलीत हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. फाल्गुन-चैत्रात मोह गळू लागला की फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. ती आग कधी कधी हातातून सुटते आणि वणवा होतो. त्याच दिवसांत सागाच्या वाळल्या पानांवर उभ्या केलेल्या गाडीची नळी तापलेली असते. कप्पे काढून टाकलेल्या पाइपातून जळता काजळीचा कण बाहेर पडायला अडसर उरत नाही. इंधनाच्या डेपोत शिरणाऱ्या टँकरला ठिणगीरोधक जाळी लावतात ती याचसाठी. गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगल आहे.

यातून लोकल माल अधर्म आणि कंपनीचा माल धर्म, असं मात्र निघत नाही. ज्याची गाडी दिवसाच्या भाड्यावर चालते त्याला कंपनीच्या किमतीचा उपदेश करणं सोपं असतं. जाड पत्र्याचा, आत खरोखर कप्पे असलेला, फ्लँज आणि गॅस्केट नीट बसणारा लोकल सायलेन्सर आपलं काम करतो. मात्र ज्या गाडीत कन्व्हर्टर आहे तिथे ते जागेवर राहायला हवं. डब्यावर कुणाचा शिक्का आहे यापेक्षा डब्यात काय आहे, हे विचारलेलं बरं.

काम झाल्यावर चांगला मिस्त्री एक परीक्षा घेतो. मालकाला कॅबिनमध्ये बसवून ॲक्सिलरेटर हलका दाबायला लावतो, स्वतः मागे उकिडवा बसून नळीचं तोंड जाड फडक्याने क्षणभर दाबतो आणि जोडाजोडावर कान लावतो. कुठे फुसफुस झाली तर तिथे क्लॅम्प पुन्हा आवळायचा. ही गळती कॅबिनमध्ये ऐकू येत नाही. मालक काचेतून डोकं काढून विचारतो, ‘झालं का?’ मिस्त्री हातानेच थांब म्हणतो आणि आणखी एकदा वाकतो.