खूण नंतर मिळेल

हजरत मूसा (अ.) यांची गोष्ट आपल्याला कुरआनातून ठाऊक असते. तीच बायबलच्या 'निर्गम' या पुस्तकात वाचताना एका जागी मी थबकले. आग, पायांतले जोडे काढण्याची आज्ञा, फिरऔनकडे जाण्याचा हुकूम, हे सारे ओळखीचे. पण 'मी कोण जाणारा?' अशा अर्थाचा प्रश्न मोशे करतो तेव्हा परमेश्वर त्याला जी खूण सांगतो ती विलक्षण आहे. तू या लोकांना मिसर देशातून बाहेर आणलेस की तुम्ही सगळे याच डोंगरावर माझी उपासना कराल, हीच मी तुला पाठवल्याची खूण. म्हणजे काम तडीस गेल्यावर कळणार की ते देवाचेच काम होते! परीक्षा आधी, हॉल तिकीट नंतर. पुढच्या अध्यायात काठीचा साप होतो, हे खरे. पण ती खूण लोकांना पटवण्यासाठी आहे. मोशेच्या स्वतःच्या खात्रीचा डोंगर परतीच्या वाटेवर उभा आहे.

आधी आज्ञापालन आणि मग प्रचीती, हा ख्रिस्ती श्रद्धेतला एक जुना धागा आहे. मोशेसाठी समुद्र आधी दुभंगला आणि मग लोक चालले. त्याच्यानंतरच्या पिढीला मात्र ही सवलत नव्हती. यहोशवाच्या काळात यार्देन नदी ओलांडायची होती, तीही सुगीच्या दिवसांत, म्हणजे दोन्ही थड्या भरून वाहत असताना. कराराचा कोश खांद्यावर घेतलेल्या याजकांचे पाय पाण्यात बुडाले, तेव्हा कुठे वरून येणारा प्रवाह थांबला.

याहून मला विचारात पाडते ती लूकच्या शुभवर्तमानातली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट. ते दूर उभे राहून येशूकडे दयेची याचना करतात. येशू त्यांना हात लावत नाही, बरे झालात असेही म्हणत नाही. फक्त सांगतो, जा आणि स्वतःला याजकांना दाखवा. यातली मेख कळायला मोशेच्या नियमशास्त्राची माहिती हवी. रोगी बरा झाला की याजक त्याला तपासून शुद्ध ठरवी, आणि मगच त्याला वस्तीत परत घेत. तेव्हा याजकाकडे जायचे ते बरे झाल्यावर, दाखला घ्यायला. हे दहाजण अंगावर रोग असताना दाखला घ्यायला निघाले. वाटेत लोकांनी काय म्हटले असेल! आणि जाता जाता ते शुद्ध झाले, असे लूक सांगतो. पहिले पाऊल टाकले तेव्हा कातडी तशीच होती. (खात्री पटल्यावर आभार मानायला परत आला तो एकच, आणि तोही परका शोमरोनी. खात्रीने माणूस कृतज्ञ होतोच असे नाही.)

इथे आमचे वाचक विचारतील, की मग खूण मागणे हे ईमान कच्चे असल्याचे लक्षण मानायचे काय? बायबलचे उत्तर एकसुरी नाही. गिदोनाने लोकर खळ्यात ठेवून खूण मागितली, एकदा नव्हे दोनदा, आणि देव रागावला नाही. फक्त नंतर त्याच्या 32,000 सैन्यातले 300 तेवढे राहू दिले. जखऱ्याने मात्र वृद्धापकाळी मुलगा होणार हे कशावरून समजू असे विचारले, तर मुलाचे नाव ठेवण्याच्या दिवसापर्यंत त्याची वाचा गेली. लूक ती शिक्षा मानतो. कुरआनात हेच हजरत जकरिया (अ.) खूण मागतात आणि तीन दिवसांचे मौन हीच त्यांना मिळालेली खूण असते, रागाचा तिथे मागमूस नाही. हजरत इब्राहीमही (अ.) मेलेल्यांना तू कसे जिवंत करतोस ते दाखव म्हणतात. ईमान नाही का, या सवालावर त्यांचे म्हणणे असे की ईमान आहे, मनाला समाधान हवे. त्यांना ते दाखवले जाते. मनाची शांती मागणे हा आपल्याकडे गुन्हा नाही, याचे मला बरे वाटते.

तरीही आपण या मोकळिकीचे काय केले आहे ते पाहावे. इस्तिखारा ही मार्गदर्शन मागण्याची नमाज. तिच्यासोबतच्या दुआत स्वप्नाचा उल्लेखही नाही. हे काम भले असेल तर माझ्यासाठी सोपे कर, वाईट असेल तर ते माझ्यापासून आणि मला त्याच्यापासून वळव, एवढेच मागणे आहे. म्हणजे चालायला लागायचे आणि वाट खुलते की बंद होते ते पाहायचे. आपण मात्र हिरवे दिसले की पांढरे, याची वाट पाहत निजतो. नाहीतर दुसऱ्याच कुणाकडून इस्तिखारा करवून घेतो. खात्रीची वाट पाहणे हे पुष्कळदा न निघण्याचे सभ्य नाव असते.

पण याची दुसरी बाजू अधिक धोक्याची आहे. खात्रीवाचून निघालेला प्रत्येकजण मोशे नसतो. 'मला देवाने सांगितले' असे म्हणून माणसांनी काय काय केले आहे! मग ओळखायचे कसे? डेन्मार्कच्या सोरेन किर्केगार्डने 1843 साली 'भय आणि कंप' हे पुस्तक टोपणनावाने लिहिले, ते याच कोड्याभोवती: मुलाचा बळी द्यायला निघालेला अब्राहाम. त्याच्यापुढे नतमस्तक होता येते, पण त्याला समजून घेता येत नाही, असा त्यातला सूर आहे. मला वाटते, निदान एक प्रश्न विचारता येतो. किंमत कोण मोजणार? उत्पत्तीच्या पुस्तकातला इसहाक होमाचे कोकरू कुठे आहे असे विचारतो आणि बाप मोघम उत्तर देतो. कुरआनातले इब्राहीम (अ.) मुलाला स्वप्न सांगतात आणि तुझे मत काय, असे विचारतात. मुलगा होकार देतो, मग दोघे पुढे जातात. कुर्बानीच्या बयानात हे विचारणे आपण घाईने ओलांडतो. उर्दू शाळांत शिकवणाऱ्या आम्हा बायकांना हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. सातवीनंतर मुलगी येईनाशी होते आणि घरचे म्हणतात, अल्लाहची मर्जी. तिला कुणी विचारलेले नसते.

स्वतःच्या अंगावर किंमत घेतलेला एक माणूस मला या संदर्भात आठवतो. जर्मन पाद्री डीट्रिख बोनहॉफर याने 1937 साली येशूच्या अनुसरणावर पुस्तक प्रसिद्ध केले. जकात घेणाऱ्या लेवीला येशू 'माझ्यामागे ये' म्हणतो आणि तो उठून जातो. का गेला याचे एकही कारण शुभवर्तमान देत नाही, याकडे तो लक्ष वेधतो. श्रद्धा पक्की झाली की पाऊल टाकू, असे म्हणणाऱ्यांना त्याचे उत्तर असे की पाऊल टाकल्यावाचून श्रद्धेला जागाच मिळत नाही. दोन वर्षांनी हे त्याच्यावरच आले. जून 1939 मध्ये तो न्यूयॉर्कला पोहोचला. हिटलरच्या सैन्यभरतीतून आणि तुरुंगातून तो वाचावा म्हणून मित्रांनी तिथे कामाची सोय केली होती. 20 जूनला त्याने ते काम नाकारले. त्या दिवसांतल्या डायरीत तो लिहितो की आपल्या निर्णयामागचे हेतू आपल्याला कधीच पुरते स्पष्ट दिसत नाहीत. निर्णयानंतर काही दिवसांनी पौलाने तीमथ्याला केलेली विनवणी, हिवाळ्यापूर्वी ये, ही त्याच्या वाचनात आली आणि दिवसभर मनातून गेली नाही. खूण म्हणायचीच तर ही. आणि तीही नंतरची. जुलैच्या सुरुवातीला तो बोटीत बसला. सप्टेंबरमध्ये युद्ध पेटले.

पुढे तो हिटलरविरुद्धच्या कटात सामील झाला, आणि तिथे माझा किंमतीचा प्रश्नही अपुरा पडतो, कारण कटात दुसऱ्याचा जीव घेण्याची तयारी असते. तो दोष आपल्या माथी येतो, हे त्याने नाकारले नाही. एप्रिल 1943 मध्ये त्याला अटक झाली. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात अब्राहामापासूनच्या श्रद्धावंतांची नावे घेऊन म्हटले आहे की वचनाची फळे हाती न येताच ते मरण पावले. बोनहॉफरला 9 एप्रिल 1945 रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी देण्यात आले. अमेरिकन सैन्य त्या छावणीत 23 एप्रिलला पोहोचले.