भाकरी कोणी थापली

३२ वर्षं मी महाविद्यालयात इतिहास शिकवला आणि दरवर्षी नवी मुलं आली की त्यांना एक गोष्ट सांगत आलो. १९७२चा दुष्काळ, तेव्हाच्या औरंगाबादेतल्या मराठवाडा विद्यापीठाचं वसतिगृह, दोघांची खोली, एक पितळी स्टोव्ह. मी गावाच्या मध्यावरच्या वाड्यातला, माझा सोबती गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. मेसचं बिल दोघांनाही झेपेना, म्हणून आम्ही निम्मे-निम्मे पैसे घालून स्टोव्ह घेतला आणि दोन वर्षं एका तव्यावरची भाकरी खाल्ली. मुलं शांत बसून ऐकायची. तासानंतर एखादी मुलगी थांबून ‘सर, फार छान वाटलं’ म्हणायची. मलाही छान वाटायचं.

गोष्टीतला शब्दन् शब्द खरा होता. फक्त त्या दोन वर्षांत तव्यावर पडलेली प्रत्येक भाकरी मी थापलेली होती. त्याने एकही नाही. आणि तसंच व्हावं हे मी पहिल्या संध्याकाळी ठरवून टाकलं होतं.

त्या संध्याकाळी मी म्हणालो, ‘भाकरीचं मी बघतो, तू भांड्यांचं बघ.’ वाटणी सरळ होती, कोणालाही न्याय्य वाटावी अशी. माझं घरचं जेवण आईच्या आणि काकूंच्या हातचं, चुलीजवळ मी कधी बसलेलो नव्हतो. त्याची आई रोजाने कामाला जायची, धाकट्या भावंडांना करून घालायचं त्याच्याकडे होतं. बी.ए.ला तो मिलिंद महाविद्यालयात होता. बाबासाहेबांनी १९५०मध्ये सुरू केलेलं ते महाविद्यालय, त्याच्या वसतिगृहात चौघांत मिळून पाळीपाळीने स्वयंपाक करत त्याने तीन वर्षं काढली होती. म्हणजे दोघांपैकी ज्याला भाकरी येत होती त्याला मी भांडी घासायला बसवलं आणि ज्याला येत नव्हती तो मी पीठ घेऊन बसलो. हा उलटेपणा मला तेव्हा दिसला नाही, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. दिसला होता.

पहिले आठ-दहा दिवस माझ्या भाकऱ्या तव्यावर जायच्या आधीच मोडत. त्यात रेशनवर ज्वारीऐवजी मिलो आली. अमेरिकेतून आलेली ती तांबडी, जाड सालीची ज्वारी त्या पिढीतल्या कोणालाही विचारा, आधी तिचा रंग सांगेल. पिठाला विरीच नसे. कोमट पाण्यात मळलं की गोळा हातात फुटायचा. तो दाराशी पुस्तक घेऊन उभा होता. म्हणाला, ‘गड्या, असं नाही व्हायचं. आधण ठेव. उकळतं पाणी घाल अन् झाकून ठेव थोडा वेळ.’ मी तसं केलं. ‘आता गरम आहे तवरच मळ. तळव्याच्या मुळानं मळ, बोटानं नको.’ मी मळलं. ‘कडेनं थापत ये.’ ती भाकरी फुगली नाही, पण एकसंध निघाली. त्यानंतर आमच्या खोलीत भाकरी मोडली नाही.

हा प्रसंगही मी वर्गात सांगायचो, त्याची हुशारी म्हणून. तो माझ्यापासून तीन-चार हातांवर उभा होता आणि पिठाचा गोळा त्याच्या हातात देणं ही जगातली सगळ्यात सोपी गोष्ट होती, हे मात्र मी कधी सांगितलं नाही. त्याचं ज्ञान मी घेतलं आणि हात बाहेर ठेवला. त्याने तीनदा विचारलं, ‘आज मी थापू का?’ तिन्ही वेळा मी म्हणालो, ‘राहू दे रे, तुझा पेपर जवळ आलाय.’ पेपर तर दोघांचेही जवळ आलेले असत. चौथ्यांदा त्याने विचारलं नाही.

कोणते नियम मी पाळत होतो ते मी कधी उच्चारले नाहीत, पण माझ्या हातांना ते पाठ होते. रॉकेलच्या रांगेत तो उभा राहिला तर चालत होतं. मकाई दरवाज्यातून औरंगपुऱ्याच्या मंडईत जाऊन तो वांगी आणि मिरच्या आणायचा, तेही चालत होतं. मेथी निवडली, कांदा चिरला, स्टोव्हला पिन मारली, सगळं चालत होतं. पातेल्यात फोडणी पडली की माझा हात पुढे व्हायचा. घरी मी लहानपणापासून पाहिलं होतं, की कोरडा शिधा कोणाच्याही हातचा येतो, कोणाकडेही जातो, शिजलेलं तसं नाही. वाड्यात हे कोणी शिकवलं नव्हतं, शिकवावं लागत नाही. एम.ए.च्या वर्गात मी सामाजिक इतिहासाचे पेपर लिहीत होतो आणि खोलीत आल्यावर कच्चं आणि शिजलेलं यांच्यामधली रेघ राखत होतो.

आणि पाणी. खोलीत एक माठ होता. तो मी पहाटे पाचला उठून भरायचो. मी लवकर उठतो म्हणून, अशी माझी समजूत होती. परीक्षेनंतर सुट्टीत गावी गेलो की मी आठ-आठ वाजेपर्यंत झोपायचो. याच सुमारास बाबा आढाव यांची ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम सुरू होती. दुष्काळाने विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि कोणी कोणत्या विहिरीवर यायचं हा प्रश्न गावोगाव धगधगत होता. शहरात त्यासंबंधी झालेल्या एका सभेला आम्ही दोघं बरोबर गेलो. मी पाठिंब्याच्या कागदावर सही केली, घोषणा दिल्या, परतताना तावातावाने बोललो. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून मी माठ भरला. तो अंथरुणात जागा होता की झोपलेला, मला माहीत नाही. त्या वेळी मी त्याच्याकडे पाहणं टाळत असे.

इथवर लिहिलेलं सांगायला जड गेलं तरी सांगता येतं. पुढचं मी कोणालाच सांगितलेलं नाही.

त्याची आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. कामावरच्या माणसांना सुकडी मिळायची. पीठ, गूळ आणि तेल यांची ती कोरडी भुकटी मूठभर खाल्ली तरी पोटाला आधार व्हायचा. बाई आपल्या वाट्यातली राखून ठेवायची आणि गावाकडून कोणी येणारं असलं की एस.टी.ने पाठवायची. जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेली पुरचुंडी, तिला दुहेरी गाठ. माझाही डबा एस.टी.नेच यायचा. त्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी, येसर असे. येसराची आमटी आम्ही दोघं खायचो. पुरचुंडी आली की तो कागदावर दोन सारखे ढीग करायचा आणि एक माझ्यासमोर सरकवायचा. मी म्हणायचो, ‘आज एकादशी आहे.’ एकदा म्हणालो, ‘गुळानं माझे दात दुखतात.’ महिन्यात एकादश्या दोनच येतात, हे त्यालाही ठाऊक होतं. तो दुसरा ढीग उचलून पुन्हा चिंधीत बांधायचा.

त्या हिवाळ्यात सलग चार दिवस घरून काही आलं नाही आणि आमच्याकडे पीठही संपलं होतं. रात्री भुकेने जाग आली. पुरचुंडी त्याच्या ट्रंकेवर होती. मी अंधारात गाठ सोडली आणि सुकडी खाल्ली. उभ्यानेच, मुठीमुठीने, आवाज न करता. निम्मी संपल्यावर थांबलो, गाठ पुन्हा मारली आणि त्याने आणून ठेवलेल्या लोट्यातलं पाणी प्यायलो, कारण माठाचं झाकण वाजलं असतं.

या रात्रीपाशी मी अनेकदा येऊन थांबलो आहे. विटाळावर माझा विश्वास असता तर ती मूठ माझ्या घशाखाली उतरली नसती. उतरली, गोड लागली. म्हणजे दिवसा मी जे जपत होतो तो धर्म नव्हता, संस्कारही नव्हता. मी देणारा आणि तो घेणारा, ही मांडणी मी जपत होतो. माझ्या आईची येसराची आमटी त्याने खावी आणि त्याच्या आईचं मी काही घेऊ नये, म्हणजे माझा हात कायम वर राहील. उजेडात घेतलं असतं तर मला त्याच्या बरोबरीने बसावं लागलं असतं. त्यापेक्षा मला चोरी परवडली.

सकाळी त्याने पुरचुंडी हातात घेतली, वजन कळलंच असणार, आणि काही न बोलता ठेवून दिली. पुढची पुरचुंडी आली तेव्हा त्याने ती ट्रंकेवर ठेवली नाही. माझ्या खाटेच्या उशाशी खिडकीत ठेवली, गाठ सोडून. मी तिला हात लावला नाही. उपाशी राहिलो, पण त्याने माझ्यासाठी उघडून ठेवलेलं घेतलं नाही. चोरून खाल्लं त्यापेक्षाही हे मला आज जास्त टोचतं.

पुढे मी कर्मवीर भाऊराव पाटलांवरचा धडा वर्षानुवर्षं शिकवला. साताऱ्याला १९२४मध्ये त्यांनी सुरू केलेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मुलांना रांधून घालत आणि दाणे संपले तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही दिलं. १९२७मध्ये गांधीजींनी त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं. मंगळसूत्रापाशी आलो की माझा आवाज भरून येई आणि ते खोटं नसे. पण साताऱ्याच्या त्या पंगतीनंतर जवळजवळ ५० वर्षांनी, ८ बाय १० च्या खोलीत, मी काय केलं होतं, ते त्या भरल्या आवाजाने झाकलं जात होतं.

१९७८चंही लिहिलं पाहिजे. २७ जुलैला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. त्याचा पत्ता माझ्या वहीत होता. १५ पैशांचं कार्ड टाकून ‘घरचे सुखरूप आहेत ना’ एवढं मी विचारू शकलो असतो. मी ज्या गावात नोकरीला होतो तिथे तसं कार्ड पोस्टमनच्या हाती देणं अवघड होतं, हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं. १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला तेव्हा अडचणही उरली नव्हती. तेव्हाही लिहिलं नाही.

निवृत्तीनंतर शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हाती आलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीचं ते पुस्तक मी दोन दिवसांत वाचलं आणि लक्षात आलं, की ज्याच्याबरोबर दोन वर्षं जेवलो त्याच्या घरी काय शिजत होतं ते मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही. माझ्या आईच्या येसरात धने किती आणि खोबरं किती हे तो चवीवरून सांगायचा. त्याच्या आईच्या हातचं मी काहीच खाल्लं नाही. सुकडीही तिच्या हातची नव्हती, कामावर वाटलेली होती. तिचा हात लागला होता फक्त गाठीला, आणि ती गाठ मी अंधारात सोडली.

गेल्या महिन्यात एका वर्गमित्राकडून त्याचा पत्ता मिळवला आणि पत्र लिहिलं. त्याचं नाव इथे देत नाही, कारण त्याची परवानगी घेतलेली नाही. पत्राचे तीन खर्डे फाडले. पहिल्यात मी स्वतःच्या पश्चात्तापाबद्दलच फार लिहिलं होतं. दुसऱ्यात दुष्काळ, वय, घरचं वळण अशी कारणं होती. तिसऱ्यात क्षमा मागितली होती, पण अशा रीतीने की त्याने ती देऊनच टाकावी. चौथं धाडलं. त्यात माठ आहे, एकादशी आहे, ती रात्र आहे आणि शेवटी विचारलं आहे, की आई गेल्या का, आणि पाऊस पडल्यावर, ज्वारी घरात आल्यावर, त्या काय करायच्या. त्याने उत्तर द्यावं असा माझा काही हक्क नाही.

एम.ए.चा निकाल लागल्यावर १९७४च्या उन्हाळ्यात आम्ही खोली सोडली, तेव्हा सामानाची वाटणी केली. स्टोव्ह निम्म्या-निम्म्या पैशांचा होता, मी म्हणालो तू घे. त्याने घेतला. पातेलं, दोन ताटल्या, पळी असं तो एकेक पोत्यात भरत गेला. सगळं त्याने घासून लख्ख ठेवलेलं होतं. तवा तसाच भिंतीला टेकून राहिला. तोही दोघांच्या पैशांचा होता. मी उचलून त्याच्यापुढे धरला, तर त्याने पोत्याचं तोंड बांधता बांधता मान हलवली.

‘तवा तुझाच आहे,’ तो म्हणाला.

मला वाटलं, किती मोठ्या मनाचा आहे. तवा मी घरी आणला. अजून आहे.